सन १७९९ : जगात आणि कृष्णाकाठी

शाळेच्या पुस्तकात आपल्याकडच्या लढाया एका धड्यात असतात आणि युरोपातल्या घडामोडी दुसऱ्या धड्यात. त्यामुळे दोन्ही एकाच वेळी चालू होत्या, हे मुलांच्या ध्यानात येत नाही. म्हणून आज आपण १७९९ हे एकच साल घेऊ.

वर्षाच्या आरंभी फ्रेंच सेनापती नेपोलियन इजिप्तमध्ये होता. जानेवारीत त्याने कैरोहून म्हैसूरच्या टिपू सुलतानाला पत्र लिहिले. ते वाटेतच इंग्रजांच्या हाती लागले. पुढे ४ मे रोजी इंग्रजांनी श्रीरंगपट्टण घेतले आणि टिपू लढताना पडला. जूनमध्ये पॅरिसला मीटर या मापाचा प्रमाण नमुना ठेवला गेला. आज आपण कापड मोजतो तो हाच मीटर. जुलैत इजिप्तमधल्या रशीद गावी फ्रेंच शिपायांना एक कोरीव शिळा सापडली. तिच्यावरूनच १८२२ साली प्राचीन इजिप्तची चित्रलिपी उलगडली. नोव्हेंबरात नेपोलियनने फ्रान्सची सत्ता बळकावली आणि डिसेंबरात अमेरिकेचे पहिले अध्यक्ष वॉशिंग्टन वारले.

आता आपल्या मुलखाकडे वळू. टिपूवरच्या मोहिमेत मराठी फौज यावी, अशी इंग्रजांची इच्छा होती. तिचे पुढारीपण तासगावच्या परशुरामभाऊ पटवर्धनांकडे जायचे होते. १७९१-९२ मध्ये ते टिपूविरुद्ध लढलेही होते. पण दुसऱ्या बाजीरावाने चालढकल केली आणि फौज गेलीच नाही. म्हैसूर पडल्यावर इंग्रजांनी अटी घालून मुलखाचा वाटा देऊ केला, तोही पेशव्यांनी नाकारला. दक्षिणेतला तोल बदलला, तो मराठ्यांना बाजूला ठेवून.

मग आपली माणसे होती कोठे? घरच्याच भांडणात. आदल्या वर्षी, १७९८ मध्ये, धाकट्या शाहू छत्रपतींनी साताऱ्याचा किल्ला ताब्यात घेऊन पेशव्यांचा जाच झुगारून देण्याचा यत्न केला. तो मोडायला पुणे दरबाराने कैदेतल्या परशुरामभाऊंना मोकळे केले. भाऊंनी सातारा घेतला. छत्रपतींचे बंधू चतुरसिंग निसटून कोल्हापुराकडे गेले. कोल्हापूरकर आणि पटवर्धन यांचे वैर जुनेच होते, ते आता भडकले. तासगावचा भाऊंचा वाडा जळाला. सप्टेंबर १७९९ मध्ये, आज कर्नाटकात असलेल्या निपाणी-चिकोडी भागात, पट्टणकुडीच्या लढाईत भाऊ पडले. श्रीरंगपट्टण पडून तेव्हा पुरते पाच महिनेही झाले नव्हते.

कोणी म्हणेल, त्या काळी रेडिओ नव्हता, तार नव्हती. जगाची खबर त्यांना लागणार कशी? तसे नव्हते. नाना फडणविसांची वकील आणि बातमीदार पाळण्याची पद्धत नावाजलेली होती. वाईजवळच्या मेणवलीचे त्यांचे दफ्तर अभ्यासकांना ठाऊक आहे. टिपू बुडाला तर पुढचा घाव आपल्यावर, हे कळण्याइतकी बातमी पुण्यात होती. नव्हती ती एकी. छत्रपतींचा पेशव्यांवर, पेशव्यांचा नानांवर, कोल्हापूरकरांचा पटवर्धनांवर विश्वास उरला नव्हता. नुसत्या बातमीने राज्य राखता येत नाही.

पुढचा हिशेब थोडक्यात सांगतो. मार्च १८०० मध्ये नाना वारले. पुढे १८०१ च्या सुमारास चिंतामणराव पटवर्धन मिरजेच्या चुलत्यांपासून वाटणी घेऊन सांगलीस वेगळे झाले. ३१ डिसेंबर १८०२ रोजी बाजीरावाने वसईस इंग्रजांशी तह केला आणि १८१८ मध्ये पेशवाई संपली.

गुरुजींना एक सुचवतो. फळ्यावर मधोमध एक उभी रेघ ओढा. डावीकडे श्रीरंगपट्टण, पॅरिस, कैरो लिहा. उजवीकडे सातारा, तासगाव, पट्टणकुडी. मधे महिने मांडा. मग मुलांना एवढेच विचारा की, मे महिन्यानंतर उजवीकडच्या माणसांनी काय करायला हवे होते? उत्तरे त्यांची त्यांना शोधू द्या.