त्रिरश्मीच्या शिलालेखांतील गोवर्धन : प्राचीन नाशिकचा प्रदेश, राज्यकारभार आणि भिक्खुसंघ

२ मार्च १९३० रोजी नाशिक येथे काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर व कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे गोदाकाठी जमली, आणि मंदिराचे दरवाजे त्यांच्यासाठी उघडले नाहीत. पाच वर्षांनी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, याच जिल्ह्यातील येवले येथे धर्मांतराची घोषणा झाली. ही हकीकत आपल्या घराघरांत सांगितली जाते. मात्र त्या बंद दरवाजापासून सुमारे आठ किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या डोंगरात, याच शहराचा दोन हजार वर्षांपूर्वीचा कारभार दगडावर कोरून ठेवलेला आहे, याची जाणीव अजूनही पुरेशी नाही. लोक त्या डोंगराला पांडवलेणी म्हणतात. पांडवांचा उल्लेख तेथील एकाही दानलेखात दान देणारा वा घेणारा म्हणून नाही. लेख त्या डोंगराला ‘तिरण्हु’, म्हणजे त्रिरश्मी, म्हणतात. आपणही तेच नाव वापरावे.

प्रथम भूगोल पाहू. कोकणातील सोपारा (शूर्पारक) व कल्याण या बंदरांतून माल सह्याद्रीचे घाट चढून देशावर येई. थळ घाटाने वर आले की गोदावरीचे खोरे लागते, आणि नदीच्या काठाने खाली उतरत गेले की प्रतिष्ठान, म्हणजे पैठण. सातवाहनांची राजधानी आणि समुद्र यांच्यामधला नाका म्हणजे नाशिक. हा नाका ज्याच्या हाती, त्याच्या हाती जकात. शक क्षहरात आणि सातवाहन यांची झुंज याच भागात का झाली, हे नकाशावर बोट ठेवताच कळते.

येथे दोन वसत्यांची नावे वेगळी ठेवली पाहिजेत. ‘नासिक’ हे नाव फार जुने आहे. भारहूतच्या स्तूपावरील दानलेखात ते येते, आणि मावळातील बेडसे लेण्यात नासिकच्या आनंद नावाच्या श्रेष्ठीच्या पुत्राचे, पुष्यणकाचे, दान कोरलेले आहे. त्रिरश्मीवरील चैत्यगृहाच्या (लेणे क्र. १८) दर्शनी भागाचे दानही धंभिक गावच्या नासिककरांचे आहे. परंतु राजाज्ञा मात्र नासिकला येत नाहीत. त्या ‘गोवर्धन’ येथील अमात्याला येतात. आजच्या शहराच्या पश्चिमेस गोदावरीकाठी गोवर्धन नावाचे खेडे आहे, तेच हे ठाणे. त्याच्या भोवतालचा मुलूख तो ‘गोवर्धन आहार’. आहार म्हणजे आजच्या भाषेत जिल्हा. पालीच्या विद्यार्थ्याला ‘आहार’ म्हटले की अन्न आठवते. पण कारभाराच्या भाषेत त्याचा अर्थ हा.

या डोंगरावरील सर्वांत जुना राजकीय लेख क्र. १९ च्या लहानशा लेण्यात आहे. सातवाहन कुळातील कण्ह राजाच्या काळी नासिकच्या ‘समण महामात’ अधिकाऱ्याने हे लेणे करविले, एवढाच त्याचा आशय. महामात हे पद अशोकाच्या धम्ममहामात्रांची आठवण करून देते. श्रमणांच्या कामकाजासाठी स्वतंत्र राजपुरुष नेमलेला असे आणि त्याचे नाते नासिक नगराशी होते, ही या एका ओळीची मोठी साक्ष आहे.

यानंतर क्षहरात नहपानाचा जावई उषवदात याचे लेख येतात (लेणे क्र. १०). उषवदाताने ब्राह्मणांनाही भरपूर दाने दिली, हे त्याचे लेखच सांगतात. ते लपवण्याचे कारण नाही. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन व शूर्पारक येथे त्याने धर्मशाळा बांधल्या, नद्यांवर फुकट नावा ठेवल्या. आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाचा आहे तो त्याचा अक्षयनिधी. संघासाठी त्याने ३००० कार्षापणे गोवर्धनातील श्रेणींकडे ठेवली : २००० एका कोष्टी-निकायाकडे, दरमहा दरशेकडा एक कार्षापण व्याजाने, १००० दुसऱ्या कोष्टी-निकायाकडे, पाऊण कार्षापण व्याजाने. मूळ रक्कम परत मागायची नाही, फक्त व्याज वापरायचे. या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापणे चीवरासाठी द्यायची, असे ठरले. हिशेब करून पाहावा. दोन हजारांचे महिन्याचे व्याज वीस, वर्षाचे दोनशे चाळीस. वीस भिक्खूंना बारा बारा दिले की दोनशे चाळीसच होतात. एक कार्षापण उरत नाही, कमी पडत नाही. आणि चीवराचा पैसा ठेवला तो कापड विणणाऱ्यांकडेच.

हा व्यवहार निगमसभेत ऐकवला गेला आणि रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदला गेला, असे लेख म्हणतो. म्हणजे गोवर्धनात नगराची सभा होती, दप्तर होते, आणि राजाच्या जावयाचे दानही त्या दप्तरात चढल्यावाचून पक्के होत नव्हते. भिक्खूंच्या भोजनासाठी दिलेले शेतसुद्धा त्याने बळकावले नाही. अश्विभूती नावाच्या ब्राह्मणाकडून ४००० कार्षापणे मोजून विकत घेतले. ते नगरसीमेत वायव्येस होते, हेही नोंदले आहे.

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी येथे नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यातील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप मारलेला होता. पैशांवर राजा असा बदलला. संघाच्या जमिनीचे काय झाले, ते क्र. ३ च्या लेण्यातील दोन राजाज्ञांतून दिसते.

पहिली राज्यवर्ष १८ ची. विजयी सेनेच्या तळावरून राजाने गोवर्धनचा अमात्य विष्णुपालित याला कळवले की अपरकखडी गावातील, आजवर उषवदाताच्या भोगवट्यात असलेले २०० निवर्तने शेत त्रिरश्मीवरील प्रव्रजितांना दिले आहे. त्यासोबत सवलती आहेत : त्या जमिनीत राजपुरुषांनी शिरू नये, कोणी हात लावू नये, मिठासाठी खणू नये, जिल्ह्याच्या अंमलदारांनी हस्तक्षेप करू नये. आज्ञा तोंडी झाली, अमात्य शिवगुप्ताने लिहिली, महास्वामींनी तपासली, मग पट्टिका दिली गेली आणि तापसाने ती कोरली. प्रत्येक पायरीची नोंद आहे.

दुसरी आज्ञा वर्ष २४ ची, आणि मला ती अधिक मोलाची वाटते, कारण तीत राज्यकारभाराची चूक कबूल केलेली आहे. गोवर्धनचा अमात्य आता श्यामक आहे. कखडी गावातील पूर्वी दिलेले शेत कसले जात नाही, गावात वस्तीही नाही. म्हणून नगरसीमेतील आमच्या खासगी शेतापैकी १०० निवर्तने भिक्खूंना द्यावीत, असे राजा आणि राजमाता मिळून कळवतात. ओसाड गावची जमीन कागदोपत्री देऊन मोकळे होणे सोपे होते. भिक्खूंनी गाऱ्हाणे नेले असावे, असा माझा तर्क आहे. सहा वर्षे लागली, पण दाद मिळाली. हा लेख लोटा नावाच्या प्रतिहारी स्त्रीच्या हातून सिद्ध झाला, असे त्याच्या अखेरीस म्हटले आहे. राजाज्ञेच्या कामात एका स्त्रीचे नाव यावे, ही नोंद आपल्या उपासिकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी.

गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिने वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या १९ व्या वर्षी क्र. ३ चे भव्य लेणे भद्रायणीय निकायाच्या भिक्खूंना अर्पण केले. तीन वर्षांनी पुळुमावीने अमात्य शिवस्कंदिलाला लिहिले : गोवर्धन आहारातील दक्षिणमार्गावरील सुदर्शन गावाच्या बदल्यात पूर्वमार्गावरील शाल्मलीपद्र गाव द्यावे. गावे मार्गांच्या नावाने ओळखली जात, हा येथील महसुली भूगोल. गोवर्धनच्या अमात्यांची तीन नावे आपण पाहिली : विष्णुपालित, श्यामक, शिवस्कंदिल. पद वडिलोपार्जित नसावे, असे त्यावरून म्हणता येते.

पुढच्या नाशिकचा इतिहास सर्वपरिचित आहे. मोगलांनी त्याला गुलशनाबाद म्हटले, १८१८ मध्ये ते इंग्रजांकडे गेले, १८६४ मध्ये नगरपालिका आली, १८६९ मध्ये स्वतंत्र जिल्हा झाला, १९८२ मध्ये महानगरपालिका. गोवर्धन हे ठाणे कधीच मागे पडले होते.

सातवाहनांनंतर आभीर आले. ईश्वरसेन राजाच्या नवव्या वर्षी शक अग्निवर्म्याची कन्या विष्णुदत्ता हिने क्र. १० च्या प्रांगणात आपला लेख कोरविला. ती स्वतःला उपासिका म्हणवते. गोवर्धनातील कुंभार, पाण्याची यंत्रे करणारे, तेली अशा श्रेणींकडे तिने रकमा ठेवल्या. राजवंश तिसऱ्यांदा बदलला होता, पण श्रेणींवरचा विश्वास तसाच होता. व्याज कशासाठी वापरायचे, तेही तिने लिहून ठेवले : त्रिरश्मी पर्वतावरील विहारात राहणाऱ्या, चारी दिशांहून आलेल्या भिक्खुसंघातील आजाऱ्यांच्या औषधासाठी.