श्वासमार्गाचे अस्तर : जुनाट फुप्फुसविकारांतील विषाणुप्रतिकार

नाकापासून सूक्ष्म श्वासनलिकांपर्यंत पसरलेल्या अस्तराच्या पेशी श्वसनविषाणूंना सर्वांत आधी तोंड देतात. बहुतेक श्वसनविषाणू वाढतातही याच पेशींत. वरचा श्लेष्माचा थर, तो घशाकडे सरकवणारी रोमके आणि पेशी एकमेकींना जखडणारे सांधे ही पहिली फळी. ती ओलांडून विषाणू आत शिरला, की पेशीतील टीएलआर-३, रिग-१ यांसारखी प्रथिने त्याचा आरएनए ओळखतात आणि पेशी इंटरफेरॉन सोडते. १९५७ मध्ये लंडनच्या मिल हिल येथे ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडनमान यांना गवसलेल्या या प्रथिनामुळे आजूबाजूच्या पेशींतील शेकडो जनुके कार्यान्वित होतात व विषाणूची वाढ रोखली जाते. अस्तराच्या पेशी मुख्यतः बीटा आणि लॅम्डा हे प्रकार बनवतात. बाधित पेशी स्वतःचा नाश करूनही प्रसार आटोक्यात ठेवतात.

निरोगी माणसाला आठवडाभर सतावणारा सर्दीचा ऱ्हायनोव्हायरस दमेकऱ्याला थेट रुग्णालयात पोहोचवू शकतो. इंग्लंडमधील ९ ते ११ वर्षांच्या मुलांच्या १९९५ मधील अभ्यासात दमा बळावल्याच्या सुमारे ८० टक्के प्रसंगी विषाणू आढळले. पुढे २००५ मध्ये दमेकऱ्यांच्या अस्तर-पेशींत बीटा इंटरफेरॉन कमी बनतो आणि पेशींचा स्वनाशही मंदावतो असे दिसले. २००६ मध्ये लॅम्डाबाबत तसेच निष्कर्ष आले. दमेकऱ्याच्या पेशींत इंटरफेरॉनची मुळातच उणीव असते, हे सुटसुटीत स्पष्टीकरण मग चटकन रुळले. अडचण अशी, की दमा आटोक्यात असलेल्यांच्या पेशींवर इतरत्र झालेल्या प्रयोगांत ही उणीव दिसलीच नाही. दोन्ही निरीक्षणे खरी मानायची तर उणीव कायमची नसून रोगाच्या त्या वेळच्या अवस्थेची आहे, असे म्हणावे लागते. याला आधारही आहे. ॲलर्जीजन्य दाहातील इंटरल्यूकिन-४ व १३ या संदेशवाहक प्रथिनांच्या सान्निध्यात वाढवलेल्या पेशींचा इंटरफेरॉन-प्रतिसाद घटतो. अमेरिकेत ओमॅलिझुमॅब या औषधाने ॲलर्जीची प्रतिपिंडे निष्प्रभ केल्यावर मुलांमध्ये शरद ऋतूतील दम्याची उचल कमी झाली आणि ऱ्हायनोव्हायरसला मिळणारा इंटरफेरॉन-प्रतिसाद वाढला. मात्र तो रक्तपेशींत मोजला होता, अस्तरात नव्हे. सीओपीडीत, म्हणजे फुप्फुसांच्या जुनाट अवरोधक विकारात, तंबाखूचा किंवा चुलीचा धूर रोमके निकामी करतो आणि श्लेष्मा वाढवतो, त्यामुळे तिथे पहिली फळीच ढासळलेली असते.

दम्यातील उणीव अवस्थेची आहे, या मतावर आक्षेप येतो, की शरीराबाहेर, दाहापासून दूर वाढवलेल्या पेशींतही २००५ मध्ये उणीव दिसलीच होती. पण दाहात दीर्घकाळ राहिलेल्या मूळ पेशी त्याचे जनुकीय नियमनातील ठसे पुढच्या पिढ्यांत नेऊ शकतात. त्यामुळे हा पुरावा जन्मजात दोष सिद्ध करत नाही. आनुवंशिकतेचा वाटा आहेच, पण त्याचे ठळक उदाहरण वेगळ्या जागी सापडते : सीडीएचआर३ जनुकाच्या एका रूपामुळे ऱ्हायनोव्हायरस-सी साठीचे ग्राहक प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर जास्त येते. म्हणजे फरक विषाणूच्या प्रवेशात आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : उणीव खरी असेल, तर बाहेरून इंटरफेरॉन दिल्यावर रुग्ण सुधारायला हवेत. सर्दी सुरू होताच श्वासावाटे बीटा इंटरफेरॉन देण्याच्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एकूण रुग्णांत अपेक्षित लाभ दिसला नाही. फायद्याचा संकेत मिळाला तो तीव्र दम्याच्या गटात. अवस्थेनुसार बदलणाऱ्या उणिवेकडून अपेक्षा याहून वेगळी नसते. शिवाय वेळ चुकली तर इंटरफेरॉन बाधूही शकतो : उंदरांवरील २०२० च्या प्रयोगांत लांबलेल्या इंटरफेरॉनने अस्तराची दुरुस्ती अडवली.

नेहमीच्या उपचारातही पेच आहे : श्वासावाटे घेतलेले स्टेरॉइड इंटरफेरॉन दाबते, हे सीओपीडीसंबंधी २०१८ च्या संशोधनात दिसले. तरी दम्यात ते दाह आवरून उचल टाळते, म्हणून रुग्णाने पंप मनाने बंद करू नये. सीओपीडीत त्याने न्यूमोनियाचा धोका वाढतो. तिथे रक्तातील इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींची संख्या आणि पूर्वीच्या उचली पाहूनच ते द्यायचे की नाही हे ठरवतात.