दास, अधिकारी आणि सम्राट

इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास झेनो नावाचा तत्त्वज्ञ अथेन्समधील एका चित्रांनी सजविलेल्या ओसरीत आपल्या शिष्यांना उपदेश करीत असे. अशा खांबांच्या ओसरीला ग्रीक भाषेत ‘स्टोआ’ म्हणतात; त्यावरून त्याच्या संप्रदायास स्टोइक हे नाव पडले.

पुढे सुमारे चारशे वर्षांनी या विचाराला अत्यंत सुबोध रूप दिले ते एकेकाळच्या एका गुलामाने. एपिक्टेटस हा आजच्या तुर्कस्तानातील हिएरापोलिसचा, पायाने अधू. दास्यातून तो मुक्त झाला. परंतु डोमिशियन बादशहाने तत्त्ववेत्त्यांना रोममधून घालवून दिले, तेव्हा ग्रीसमधील निकोपोलिस येथे त्याने आपली शाळा मांडली. त्याच्या शिकवणीचे सार एवढेच की, आपली मते, आपल्या इच्छा व आपले प्रयत्न आपल्या स्वाधीन आहेत. शरीर, संपत्ती, कीर्ती आणि अधिकारपद नाहीत. जे पराधीन आहे त्याचा शोक न करता जे स्वाधीन आहे ते चोख राखावे. यासाठी तो नित्य अभ्यास सांगे. दिवसभराच्या वर्तनाची रात्री निजण्यापूर्वी तपासणी हा त्यांतलाच एक.

एपिक्टेटसने स्वतः ग्रंथ लिहिला नाही. त्याची प्रवचने टिपून ठेवली ती आरियन या शिष्याने. अलेक्झांडरच्या स्वारीचा इतिहास आणि ‘इंडिका’ हा भारतवर्णनपर ग्रंथ लिहिणारा आरियन तो हाच. पुढे तो कॅपाडोशिया प्रांताचा सुभेदार झाला आणि १३५ च्या सुमारास त्याने अलान टोळ्यांची चढाई परतविली.

रस्टिकस नावाच्या गुरूने एपिक्टेटसची ही शिकवण तरुण मार्कस ऑरेलियसच्या हाती दिली. मार्कस १६१ मध्ये सम्राट झाला आणि संकटांची जणू रांगच लागली. टायबर नदीला पूर आला, अन्नाची टंचाई झाली, पूर्वेस पार्थियाशी युद्ध पेटले. तेथून परतलेल्या सैन्याबरोबर साथ आली. ती देवीची असावी, असा अनेक इतिहासकारांचा तर्क आहे. त्यातच डॅन्यूबपलीकडील टोळ्या उठल्या. घरी त्याची अनेक मुले बालपणीच दगावली.

जे घडेल ते स्वीकारा, ही शिकवण माणसाला निष्क्रिय करते, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. मार्कसचे चरित्र हेच त्याला उत्तर आहे. युद्धासाठी पैसा हवा होता, तेव्हा प्रजेवर नवा कर न लादता त्याने राजवाड्यातील सोन्याची भांडी आणि रत्ने लिलावात काढली, असे रोमन इतिवृत्त सांगते. छावणीत राहून तो ग्रीक भाषेत स्वतःलाच बजावणारी टिपणे लिहीत राहिला आणि मोहिमेवर असतानाच १८० मध्ये वारला.

शासकीय सेवेतील माझ्यासारख्याला हे उदाहरण जवळचे वाटते. पाऊस कोणत्याही कचेरीच्या हुकमात नसतो. दुष्काळी कामावरील मजुरी वेळेवर वाटणे मात्र असते. पहिल्याचे निमित्त करून दुसरे टाळणे, याला स्वीकार म्हणत नाहीत.

तरीही मार्कसची बाजू सर्वस्वी निर्दोष नव्हे. पुत्र कॉमोडस याला १७७ मध्ये त्याने सहसम्राट केले, आणि त्या पुत्राच्या कारभाराने साम्राज्याला दुर्दिन आले. पुत्राचा स्वभाव पित्याच्या हाती नव्हता. वारसाची निवड मात्र होती. स्वाधीन आणि पराधीन यांमधील रेघ ओढणे इतके अवघड आहे, की आयुष्यभर अभ्यास केलेल्या सम्राटाचाही हात तेथे चुकला. म्हणूनच ती एकदा ओढून भागत नाही. रोज रात्री नव्याने तपासावी लागते.