हजार माणसांमागे एक : राष्ट्रीय आरोग्ययोजनेतील एका पदाची नामांतरे

भारतातील आरोग्यसेवेच्या पुनर्रचनेचा इतिहास सर जोसेफ भोर यांच्या समितीच्या १९४६ च्या अहवालापासून सांगण्याचा प्रघात पडला आहे. अहवालाचे महत्त्व पाहता तो अस्वाभाविक नाही. परंतु त्यामुळे एक गोष्ट दृष्टिआड होते. राष्ट्रीय सभेने १९३८ मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय नियोजन समितीची एक आरोग्यविषयक उपसमिती होती. परळ येथील हाफकिन संस्थेचे संचालक कर्नल साहिबसिंग सोखी हे तिचे अध्यक्ष होते. दर हजार लोकवस्तीमागे एक आरोग्यसेवक असावा, तो शक्यतो त्याच गावचा असावा आणि त्याला प्राथमिक उपचारांचे व स्वच्छतेचे व्यवहारोपयोगी शिक्षण द्यावे, ही या उपसमितीची १९४० मधील कल्पना होती. हा सेवक डॉक्टर नव्हता, आणि डॉक्टरच्या अभावी केलेली तात्पुरती सोय म्हणूनही तो कल्पिलेला नव्हता. संपूर्ण रचनेचा पायाच तो होता.

भोर समितीने पाया निराळ्या ठिकाणी घातला. ऑक्टोबर १९४३ मध्ये नेमलेल्या या समितीपुढे जी आकडेवारी आली ती भयानक होती. ब्रिटिश हिंदुस्थानात जन्मकाळी अपेक्षित आयुर्मान सुमारे २७ वर्षांचे, हजार अर्भकांपैकी सुमारे १६२ पहिल्याच वर्षी दगावत, आणि सहा हजारांहून अधिक माणसांमागे एक डॉक्टर. केवळ पैसा नाही म्हणून कोणीही योग्य उपचारावाचून राहता कामा नये, हे तत्त्व समितीने निःसंदिग्धपणे मांडले. रोगप्रतिबंध व रोगोपचार यांची फारकत तिने अमान्य केली, आणि चाळीस हजार वस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा अल्पमुदतीचा आराखडा दिला. मात्र या सर्वांच्या केंद्रस्थानी विद्यापीठाची पदवी घेतलेला, एकाच दर्जाचा डॉक्टर होता. तत्कालीन डॉक्टरांत सुमारे दोन तृतीयांश असलेल्या परवानाधारकांचा अभ्यासक्रमच बंद करावा, असे बहुमत पडले. काही सभासदांनी त्यास लेखी विरोध नोंदविला. ग्रामीण भागाला पुरतील इतके पदवीधर कोठून येणार, हा त्यांच्या विरोधाचा गाभा होता. आज मागे वळून पाहता त्यांची शंका अवाजवी होती असे म्हणता येत नाही.

२ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली व तिच्या आधाराने प्राथमिक आरोग्य केंद्रे निघू लागली. भोर समितीच्या आराखड्याशी त्यांचे साम्य नावापुरतेच राहिले. एका विकासगटाला एक केंद्र, म्हणजे साठ ते ऐंशी हजार वस्तीला एक, असे प्रमाण पडले. डॉक्टर आणि परिचारिका यांच्या जागा तर वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या समितीने १९६१ मध्ये, नवी केंद्रे काढण्यापूर्वी आहेत ती आधी सुधारा, असा सल्ला दिला. (‘केंद्र’ हा शब्द येथे मार्मिक आहे. ज्या वर्तुळाचे ते केंद्र, त्याच्या परिघावरची गावे दहा-पंधरा मैलांवर असत.)

सोखी उपसमितीची कल्पना पुन्हा वर आली ती सरकारी कचेरीतून नव्हे. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केले. गावाने निवडलेल्या आणि बहुधा अक्षरओळखही नसलेल्या स्त्रियांना त्यांनी ग्रामआरोग्यसेविका म्हणून शिकविले. अशा प्रयोगांचे फलित समोर असतानाच २ ऑक्टोबर १९७७ रोजी केंद्र सरकारने देशव्यापी योजना जाहीर केली : हजार वस्तीमागे एक माणूस, तीन महिन्यांचे शिक्षण, दरमहा पन्नास रुपये मानधन व तितक्याच रकमेची औषधे.

यापुढील इतिहास शब्दांच्या अंगाने पाहिल्यास अधिक स्पष्ट होतो. आरंभीच्या इंग्रजी नावात ‘वर्कर’ हा शब्द होता. काम करणारा म्हटला की वेतन आले, सेवाशर्ती आल्या, संघटना आली. थोड्याच काळात ‘वर्कर’ जाऊन ‘व्हॉलंटिअर’ आला, आणि १९८१ मध्ये ‘गाइड’. कार्यकर्त्याचा स्वयंसेवक झाला व स्वयंसेवकाचा मार्गदर्शक. काम तेच होते आणि पन्नास रुपयेही तेच. प्रत्येक नामांतरागणिक पदाची प्रतिष्ठा वाढल्यासारखी दिसते, परंतु शासनावरील त्याचा हक्क मात्र क्षीण होत जातो. योजना पुढे निस्तेज झाली. त्यास निवडीतील पक्षपात, औषधांचा तुटवडा अशी इतरही कारणे होतीच.

त्याच १९८१ साली डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या नेतृत्वाखालील अभ्यासगटाचा ‘सर्वांसाठी आरोग्य’ या विषयावरील अहवाल पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेने प्रसिद्ध केला. गावाच्या हाती आरोग्याची सूत्रे देणारी पर्यायी रचना त्यात सविस्तर मांडलेली आहे. त्याची उपेक्षा झाली, एवढेच येथे नमूद करणे पुरे.

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९९० नंतरच्या दशकात गावातील स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केले. घरच्या घरी नवजात अर्भकांची शुश्रूषा करून या स्त्रियांनी ३९ गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी खाली आणले. हा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. हजार माणसांमागील ती एक व्यक्ती नेमके काय साधू शकते, याविषयी तोवर जो वाद चालत असे त्याला या आकड्याने बऱ्याच अंशी विराम दिला.

एप्रिल २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि त्याबरोबर ‘आशा’ आली. हे नाव इंग्रजी आद्याक्षरांपासून जुळविलेले आहे, आणि त्यातील शेवटच्या पदाचा अर्थ चळवळ करणारी असा होतो. महाराष्ट्रात तिला ‘आशा स्वयंसेविका’ म्हणतात. म्हणजे १९८० च्या सुमारास योजनेच्या नावात शिरलेला शब्दच येथे पुन्हा नांदतो आहे. देशभरात अशा स्त्रियांची संख्या आज सुमारे दहा लक्ष आहे. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला; २०२३-२४ मध्ये महाराष्ट्रातील आशांना मानधनवाढीसाठी संप करावा लागला.

इकडे सुधारणेचा ओघ दुसऱ्या दिशेला वळला आहे. सप्टेंबर २०१८ पासून सुरू झालेल्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत पात्र कुटुंबास वर्षाला पाच लक्ष रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण मिळते. २०२४ मध्ये सत्तर वर्षांवरील सर्वांना ते देऊ करण्यात आले. लोकांच्या खिशातून होणाऱ्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मधील ६४ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९ टक्क्यांवर आल्याचे सरकारी हिशेब सांगतात. ही प्रगती लहान नव्हे. तथापि शासनाचा आरोग्यावरील खर्च २०२१-२२ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.८४ टक्केच होता, आणि २०१७ च्या धोरणाने २०२५ साठी अडीच टक्क्यांचे उद्दिष्ट ठेवले होते. एवढ्या तुटपुंज्या तरतुदीतून विमा व गावपातळीवरील सेवा यांपैकी कशाला अग्रक्रम मिळतो, यावर सोखी आणि भोर यांच्यामधील जुना वाद पुढे कोणत्या वळणावर जाईल ते अवलंबून राहील.

फेब्रुवारी २०२४ च्या अर्थसंकल्पात सर्व आशांना या विमायोजनेत सामावून घेण्याची घोषणा झाली. त्यामुळे एकीच स्त्री एका सरकारी कागदावर लाभार्थी व दुसऱ्यावर स्वयंसेविका म्हणून नोंदलेली आढळते. वेतनपटावर तिचे नाव अद्याप नाही.