पिवळ्या पडलेल्या पॉलिशची कुळकथा

जुन्या इलेक्ट्रिक गिटारीचा निळा रंग मधेच हिरवट दिसू लागतो, पांढरा लोण्यासारखा पिवळा पडतो, आणि प्लेटखाली झाकलेली जागा मात्र नवीकोरी राहते. हा विकार नवा नाही. आमच्या पिशोरहून सिल्लोडमार्गे अजिंठ्याची लेणी गाठली, तर याच विकाराची फार मोठी केस आमच्याच जिल्ह्यात घडून गेलेली आहे. म्हणून कुळकथा तिथूनच सांगायला हवी, आणि तिथेही सुरुवात लाखेपासून.

पळस, बोर, कुसुम यांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे रस शोषत बसतात आणि अंगाभोवती राळेसारखं कवच करतात. ते खरवडून, धुऊन, वितळवून त्याचे पातळ पापुद्रे काढले की चपडा तयार होतो. तो स्पिरिटमध्ये विरघळवायचा आणि कापडाच्या बोळ्यानं लाकडावर थरावर थर चढवायचा. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात या रीतीला फ्रेंच पॉलिश असं नाव मिळालं. माल मात्र मुख्यतः हिंदुस्थानातून जात होता. पियानो, गिटार, कपाटं, सगळं या किड्याच्या जिवावर चकाकत होतं. आपल्याकडे भजनी मंडळाच्या पेटीलाही सुतार हेच पॉलिश करत आले.

चपडा लाकडावर शोभतो, पण काळ गेला की पिवळा-तपकिरी होतो, ठिसूळ होतो आणि स्पिरिटलाही पूर्वीसारखी दाद देत नाही. अजिंठ्याची चित्रं तर लाकडावर नाहीत, मातीच्या सुक्या गिलाव्यावर आहेत. 1819 मध्ये ती जगाला कळली. पुढे मुंबईच्या जे. जे. कला शाळेचे जॉन ग्रिफिथ्स 1872 पासून नकला करायला आले, तेव्हा रंग उठून दिसावेत म्हणून चित्रांवर वॉर्निश फिरवलं गेलं. मग 1920 ते 1922 या काळात निजाम सरकारनं लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना बोलावलं. पोपडे सुटत होते, ते भिंतीला धरून राहणं गरजेचं होतं, आणि बरंच काही त्यांनी खरोखर वाचवलं. पण वरून लावलेला चपड्याचा थर पुढे पिवळा पडत गेला. जिथे थर जाड, तिथे पिवळेपणा जास्त. खाली काजळी राहिली, तिथे चित्र काळवंडलं. निळ्यावर पिवळा पडदा आला की डोळ्याला हिरवं दिसतं, पांढऱ्याचा मातकट रंग होतो. तो थर उतरवण्याचं काम पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना पुढे अनेक दशकं पुरलं. मूळ रंग बिघडले नव्हते, वरचं आवरण बिघडलं होतं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा धडा हाच आहे.

चपड्याची गादी पुढे नायट्रोसेल्युलोज लॅकरनं घेतली. बंदुकीच्या दारूसाठी नायट्रोसेल्युलोज बनवणाऱ्या ड्यू पाँट कंपनीनं 1923 मध्ये ‘ड्यूको’ हा रंग बाजारात आणला. मोटारीचा रंग वाळायला आठवडे लागत, ते काम तासांवर आलं. मोटारींच्या या रंगांतून गिटारवाल्यांनी निवड केली. फेंडरच्या 1960 च्या दशकातल्या ‘लेक प्लॅसिड ब्लू’ गिटारी पाहा: खालचा निळा अ‍ॅक्रिलिक, तो टिकतो, त्यावर दिलेला पारदर्शक नायट्रो थर उजेडानं आणि वयानं पिवळा होतो, आणि गिटार हिरवट दिसते. ‘ऑलिम्पिक व्हाइट’ साय धरल्यासारखी पिवळी होते. काही गिटारींवर वरचा थर दिलाच गेला नव्हता, म्हणून एकाच वर्षाच्या दोन गिटारी आज दोन रंगांच्या दिसतात. उलट गिब्सनच्या 1958 ते 1960 मधल्या बऱ्याच सनबर्स्ट गिटारींत उजेडानं तांबडा रंगच उडाला. तिथे दोष आवरणाचा नाही, रंगद्रव्याचा आहे, आणि तो परत येत नाही.

म्हणून आधी निदान करा. मागची प्लेट किंवा पुढचा पिकगार्ड उघडा. खालचा रंग ताजा असेल तर पिवळेपणा उजेडाचा. डाग स्टँड टेकतो तिथेच असेल, तर रबरानं लॅकर मऊ केलेलं असतं. मऊ, किंचित ओलं फडकं फिरवा आणि लगेच कोरडं करा. थिनरला हात लावू नका. नायट्रो त्यात विरघळतं. स्पिरिट तर चपड्याच्या पेटीवर मुळीच नको. एकसारखं दिसावं म्हणून सगळं घासून नवा रंग मारणं हा मला अपराध वाटतो. अस्सल जुना थर गेला की संग्राहकांच्या लेखी गिटारीचं मोलही बरंच घसरतं. पिवळेपणाचा वेग आता कमी करायचा असेल तर खिडकीचं ऊन टाळा आणि वाद्य पेटीत ठेवा.

गिटार असो की आजोबांची पेटी, पॉलिश पेपर हातात घेण्याआधी तिची झाकलेली जागा एकदा उघडून पाहा, आणि बदललेला थर कोणता आहे हे कळेपर्यंत थांबा.