काच वाळण्यापूर्वी

रात्रीचे छायाचित्र घेऊ पाहणाऱ्या पहिल्या पिढीची खरी अडचण काळोखापेक्षा काच वाळण्याची होती. कारण कलोडियन या चिकट द्रवाचा लेप दिलेली ओली काच दहा-पंधरा मिनिटांत वाळू लागे, आणि एकदा वाळली की ताऱ्यांचा मंद प्रकाश तिच्यावर कितीही वेळ साचविला तरी तो व्यर्थच. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज वैद्याने जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली, आणि दहा वर्षांच्या आतच, ३० सप्टेंबर १८८० रोजी, हेन्री ड्रेपर याने (हाही शिक्षणाने वैद्यच!) अमेरिकेतील हडसन नदीकाठच्या आपल्या वेधशाळेत मृगातील तेजोमेघासमोर अशी कोरडी काच सुमारे पन्नास मिनिटे उघडी ठेविली. पण पृथ्वी क्षणभरही थांबत नाही. म्हणून दुर्बीण घड्याळी यंत्राने ताऱ्यांमागून फिरवावी लागे, आणि त्यात तिळमात्र कसूर झाली तर बिंदूची रेषा होई. १८८३ मध्ये अँड्र्यू कॉमन या इंग्रज हौशी खगोलनिरीक्षकाच्या काचेवर तर डोळ्यांना न दिसणारे तारेही उमटले. त्याच दशकात इकडे भारतातही भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून पुण्यात वेधशाळा उभी राहू लागली. खगोलशास्त्रज्ञ कावसजी नेगमवाला यांच्या अखत्यारीतील तिची वीस इंची परावर्ती दुर्बीण १९१२ नंतर कोडाईकनालच्या वेधशाळेकडे रवाना झाली.