गोड्या पाण्याची वाडी

आमची वाडी वसईच्या पश्चिम पट्ट्यात. समुद्र चालत पंधरा मिनिटांवर, तरी विहिरीचं पाणी गोड. लहानपणी मला याचं भारी नवल वाटायचं. आजोबा सांगायचे, "अरे, खाली खारं आहे, त्याच्यावर गोडं बसलंय. बेतानं उपसलं तर पिढ्यान् पिढ्या पुरेल. हावरेपणा केला की खारं वर आलंच म्हणून समज."

हे गोडं पाणी म्हणजे पावसाचं. ते रेताड जमिनीत मुरायचं. मुरायला बावखलं होती. बावखल म्हणजे वाडीच्या कडेला खणलेलं लहान तळं. पावसाळ्यात ते भरायचं आणि आसपासच्या विहिरींना हळूहळू पाणी पुरवायचं. विहिरीवर रहाट. त्याच्या जिवावर केळी, पानवेली, फुलं, भाजी. पहाटेच्या गाडीनं माल मुंबईला जायचा. रुळांच्या पूर्वेला भातशेती आणि खाडीकडे मिठागरं. डोंगरावरून आलेलं पाणी तिथे पसरायचं आणि ओहोटीबरोबर खाडीत उतरायचं. या पाण्याचा नकाशा कुणी काढला नव्हता, पण तो सगळ्यांना पाठ होता.

१९८० नंतर मुंबईत जागा परवडेना. १९८२च्या संपानंतर गिरणगावही खचलं. माणसं विरार लोकलनं इकडे सरकली. त्यांना दोष कसा द्यायचा? त्यांनाही छप्पर हवंच होतं. पण दशक संपता संपता सरकारनं इथली हिरवी जमीन बांधकामाला मोकळी करायचं ठरवलं, तेव्हा गावं हादरली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकारानं हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. ख्रिस्ती, हिंदू सगळेच मोर्च्यात उतरले. १९९० मध्ये नियोजनाचं काम सिडकोकडे गेलं, तरी भांडण मिटलं नाही. प्रश्न साधाच होता, एवढ्या घरांना पाणी कुठून आणणार?

याचं उत्तर आमच्याच विहिरीनं दिलं, हे सांगायला आजही जीभ जड होते.

इमारती आधी आल्या, नळ मागाहून. मधल्या काळात टँकर. ते वाडीवाडीत हिंडून पाणी विकत घ्यायचे. त्या वर्षी बहिणीचं लग्न ठरलं होतं आणि केळी वाऱ्यानं झोपली होती. बाबांनी दोन उन्हाळे पाणी विकलं. रहाट केव्हाच निघाला होता, मोटर दिवसरात्र चालायची. समितीची माणसं टँकर अडवायची. एकदा आमच्याच फाटकाशी गावच्या बायका आडव्या उभ्या राहिल्या. त्यात माझी सख्खी आत्या होती. बाबांना म्हणाली, "दादा, तू पाणी नाही, माझी पण विहीर विकतोयस." बाबा काही बोलले नाहीत. टँकर मात्र रिकामा परत गेला.

तिसऱ्या उन्हाळ्यात आजीनं चहाचा घोट घेतला आणि कप खाली ठेवला. "मचूळ लागतंय," एवढंच म्हणाली. पुढच्या वर्षी पानवेली करपल्या. आत्याच्या पण.

पुढे ३ जुलै २००९ रोजी चार नगरपालिका आणि ५३ गावं मिळून वसई-विरार महानगरपालिका झाली. गावं वगळा म्हणून पुन्हा आंदोलनं झाली. २०११च्या जनगणनेत शहराची वस्ती १२ लाखांवर गेली. जुलै २०१८ मध्ये रुळांवर पाणी चढलं, लोकल बंद पडल्या. ज्या शेतांत पाणी पसरायचं तिथे भराव घालून सोसायट्या उभ्या होत्या. पाणी जाणार तरी कुठे?

अशाच एका सोसायटीत, चौथ्या मजल्यावर, माझी मुलगी राहते. त्या पुरात तिला दोन दिवस खाली उतरता आलं नाही. फोनवर म्हणाली, "बाबा, इथे पूर्वी काय होतं हो?" म्हटलं, "भात."

आमचं बावखल अजून आहे. दर दोन-तीन वर्षांनी कुणीतरी येतं, "भरून टाका, पार्किंगला जागा होईल, भाव चांगला देतो" म्हणतं. मी चहा पाजतो आणि नाही म्हणतो. गेल्या पावसाळ्यानंतर विहिरीचं पाणी जिभेवर ठेवून पाहिलं. पिण्यासारखं नाही, पण पूर्वीपेक्षा कमी खारं. आत्या आता नव्वदीला टेकलीय. तिला तांब्याभर नेऊन दिलं. तिनं चूळ भरली, थोडा वेळ तोंडात घोळवली आणि म्हणाली, "राहू दे ते बावखल."